सितांगच्या वाटेवरील आज्ञा



ग्वाल्हेरात युद्धाचा विषय निघाला की पानिपतावरचा गोल कसा फुटला, ही चर्चा हटकून होते. आजचा प्रसंग ब्रह्मदेशातील असला तरी तोही माघारीचाच आहे, आणि अगदीच परका नाही. ज्या सतराव्या हिंदी डिव्हिजनची ही कथा, ती १९४१ मध्ये अहमदनगरला उभी राहिली. पुढे तिच्या दोन ब्रिगेडी मलायाकडे वळविण्यात आल्या आणि ब्रह्मदेशात तिला अपुऱ्या तयारीनिशी उभे राहावे लागले.

फेब्रुवारी १९४२ मध्ये बिलिन नदीवर चार दिवस झुंजून ही फौज थकली होती. सितांग नदीपलीकडे वेळीच हटावे, असा सेनापती मेजर जनरल स्मिथ यांचा आग्रह होता. परवानगी मिळाली ती १९ तारखेला. त्यातही माघारीचा संदेश बिनतारी यंत्रावरून उघड भाषेत गेला आणि शत्रूने तो ऐकला. आपल्या फौजेची आज्ञा सर्वांत नीट समजली ती जपान्यांना! जंगलवाटांनी त्यांची पथके पुलाकडे निघाली.

२१ तारखेला क्याइक्तोहून मोकपालिनकडे जाणाऱ्या धुळीच्या रस्त्यावर मोटारी, रुग्णवाहिका, खेचरे आणि तहानेने व्याकूळ झालेले शिपाई यांची रांग लागली होती. जपानी विमानांचा मारा चालूच होता. मध्यान्हीच्या सुमारास आणखी विमाने आली. ती आपल्याच बाजूची होती. क्याइक्तो ते किनमुन या रस्त्यावरील शत्रूच्या तांड्यावर हल्ला करावा, अशी त्यांना आज्ञा होती. वैमानिकांनी बाँब टाकले आणि मशीनगन चालविल्या, त्या मात्र माघार घेणाऱ्या या फौजेवर. रस्ते दोन, आरंभ एकाच गावापासून. वरून पाहणाऱ्याला धुळीचा लोट तेवढा दिसतो. यात वैमानिकांना केवळ दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही.

जखमींच्या गाड्या जळाल्या. खेचरे उधळली, आणि त्यांच्या पाठीवरची बिनतारी यंत्रेही गेली. या हानीचे पुरते मोल दोन रात्रींनी कळले. पुलावरील ब्रिगेडियर ह्यू-जोन्स यांना पैलतीरावरील दोन ब्रिगेडींचा ठावठिकाणा लागेना. उजाडल्यावर माऱ्याखाली पूल उडवता येईलच, याची खात्री सुरुंग लावणाऱ्यांना देता येईना. ते मालेरकोटला संस्थानाचे सॅपर होते. टेलिफोनवरून स्मिथ यांची अनुमती आली आणि २३ तारखेला पहाटे साडेपाचच्या सुमारास पूल उडाला. डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडेच होता.

पूल राखला असता तर रंगूनचा रस्ता शत्रूला मोकळा झाला असता, हे स्मिथ यांच्या बाजूने म्हणावेच लागेल. पण अपुऱ्या बातमीवर असा निर्णय घेण्याची वेळ ज्या घटनांनी आणली, त्यांत त्या चुकलेल्या बाँबफेकीचा वाटा थोडा नव्हता.

त्या दिवशी बांबूंचे तराफे, रिकामी पिंपे, जे हाती लागेल ते घेऊन शिपाई रुंद पात्रात उतरले. पोहता न येणारे कित्येक बुडाले. स्मिथ यांचे सेनापतिपद लवकरच गेले आणि काउअन त्यांच्या जागी आले. त्यांच्याच हाताखाली या डिव्हिजनने मार्च १९४५ मध्ये मैक्तिला जिंकले. सितांगनंतरच्या हजेरीत मात्र ३,४८४ माणसे भरली आणि त्यांच्यापाशी रायफली होत्या १,४२०. अनेकांच्या पायांत बूट नव्हते. पोहण्यासाठी त्यांनी ते काठावरच टाकले होते.