भजनी मंडळाचा स्पीकर



आज एकादशी. भजनाला अजून वेळ आहे. तोवर दोन शब्द बोलतो.

आपल्या मंडळाने स्पीकर घ्यायचे ठरवले आहे. वर्गणी जमत आहे. कुणी पाचशे दिले, कुणी पन्नास. एका बाईने तर खुरपणीची दिवसाची मजुरी दिली. हा घामाचा पैसा आहे. तो वाया जाता कामा नये.

मी पूर्वी दुसऱ्या गावी हेडमास्तर होतो. तिथल्या मंडळानेही स्पीकर घेतला. मास्तर शिकलेले, म्हणून खरेदीला मलाच पाठवले. दुकानदार म्हणाला, "मोठा घ्या, आवाज दणदणीत निघेल." मी भुललो. सगळे पैसे मोठ्या मशीनला आणि भोंग्याला गेले. उरलेल्या पैशांत हलका माइक आणला.

पहिल्याच भजनाला काय झाले? पखवाज धडधडला. टाळांचा कल्लोळ झाला. पण अभंगाचा शब्द काही कळेना. आमचे वीणेकरी म्हातारे होते. आवाज गोड, पण बारीक. तो पार बुडाला. मधूनच भोंगा किंचाळे. बायका कानांवर हात ठेवून उठल्या. पुढच्या एकादशीला वीणेकरी आलेच नाहीत. म्हणाले, "मास्तर, आता माझं तिथं काय काम?"

चूक त्यांची नव्हती. माझी होती. त्या चुकीतून शिकलो ते सांगतो.

आधी विचारा, स्पीकर कशासाठी? टाळ आणि पखवाज देवळात आपोआप ऐकू येतात. त्यांना माइक नको. गाणाऱ्याचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. म्हणून एक माइक गाणाऱ्याला, दुसरा पेटीला. एवढे पुरे. पेटीचा माइक भात्याजवळ ठेवू नये. तिथे वाऱ्याची फसफस ऐकू येते.

आता वॅटचे पाहू. ४० वॅटच्या जागी ८० वॅटचे मशीन घेतले, तर आवाज दुप्पट होतो का? नाही. जरासाच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. शंभर माणसांच्या देवळाला ४० ते ५० वॅट पुष्कळ झाले. वाचलेला पैसा माइकला घाला.

भोंगा आवाज लांब फेकतो. दवंडीला, सभेला तो चांगला. पण त्यातून आवाज पातळ, कर्कश येतो. खालचे सूर तर येतच नाहीत. भजनाला खोक्याचा स्पीकर बरा.

माइक दोन जातींचे असतात. एक डायनॅमिक, दुसरा कंडेन्सर. कंडेन्सर नाजूक आवाजही टिपतो, पण त्याला वीज पुरवावी लागते, आणि तो आजूबाजूचे टाळही ओढून घेतो. डायनॅमिकला वेगळी वीज लागत नाही. तो दणकट असतो. समोरून येणारा आवाजच जास्त घेईल असा डायनॅमिक माइक मागा.

स्पीकर किंचाळतो का? त्याचाच आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा शिरतो. हे चक्र सुरू झाले की किंचाळी फुटते. उपाय सोपा आहे. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे ठेवा. त्याचे तोंड लोकांकडे करा. माइक तोंडापासून चार बोटांवर धरा. लांब धरला की मशीनचा आवाज वाढवावा लागतो, मग किंचाळी आलीच.

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून घरच्या विजेवर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर, दोन्हींवर चालणारे मशीन घ्यावे. पिन तीन पायांची असावी आणि अर्थिंग चांगले असावे. माइक बहुधा धातूचा असतो. शॉक बसला तर जिवावर बेतते, बरं का!

कायदाही ध्यानात ठेवा. २००० सालच्या नियमांप्रमाणे स्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लावायला बंदी आहे. ठरावीक सणांनाच रात्री १२ पर्यंत सूट मिळते. तेव्हा पहाटेचा काकडा आपल्या गळ्यानेच म्हणू. लेकरे झोपलेली असतात, आजारी माणसे असतात.

त्या गावी पुढे आम्ही चांगला माइक घेतला. वीणेकऱ्यांना बोलवायला मी स्वतः गेलो. ते आले. त्या रात्री शब्द न् शब्द कळला. पण मधले एक वर्ष फुकट गेले, ते काही परत आले नाही.

आपल्या गावी तसे नको. आधी एका भजनापुरता स्पीकर भाड्याने आणू. सगळ्यांत मागे बसून ऐकू. मग तालुक्याला जाऊ. मशीन मोडले तर तिथेच दुरुस्त होते का, हेही विचारू. आणि जाताना आपल्या वीणेकरी बाबांना बरोबर नेऊ. दुकानात त्यांनाच गायला लावू. त्यांचा आवाज ज्यातून नीट ऐकू येईल, तोच स्पीकर आपला.

चला, टाळ घ्या आता.