संस्थांच्या नोंदी आणि त्यांची परीक्षा

जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांत, पूर्णा नदीच्या परिसरांत, केदारखेडा हें गांव आहे. अशा गांवांतील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर फडक्यांत बांधलेला दप्तराचा रुमाल पडलेला असतो. तो सोडून पाहिला तर आंत मोडी लिपींतील कागद निघतात. क्वचित् एखादा फारसी शिक्क्याचा, आणि पुढच्या काळांतील उर्दू. कारण हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. घरांतील वडील माणसांना मोडी वाचतां येत नाहीं, मुलांना त्या कागदांचें मोल रद्दीच्या तागडीइतकेंच वाटतें, आणि पावसाळ्यांत कसर आपलें काम करीतच असते. मग घरांतील कोणी शिकलेली सून किंवा मुलगा कोश उघडून इतिहासाचीं साधनें जतन करणाऱ्या संस्थेची नोंद शोधूं लागतो. ती नोंद चांगली कीं वाईट याची परीक्षा या घराच्या दृष्टीनें केली पाहिजे. कोशाच्या प्रकाशनसमारंभांतील भाषणांवरून ती होत नाहीं.

उदाहरणासाठीं पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ घ्यावें. महाराष्ट्रांत या कार्याची दुसरी इतकी जुनी व इतकी परिचित संस्था सहसा आठवत नाहीं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनीं ७ जुलै १९१० रोजीं तें स्थापन केलें. अशा संस्थेवर लिहावयास बसलेला नोंदकार बहुधा येथूनच आरंभ करतो, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु तिथि सांगितली आणि कारण सांगितलें नाहीं, तर वाचकाच्या पदरांत फार थोडें पडतें. त्या काळीं पेशवे दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यांत होतें आणि एतद्देशीय अभ्यासकाला त्याचें दार सहजासहजीं उघडत नसे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं त्या दप्तरांतील निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापून निघाले ते १९३० नंतरच्या चारपांच वर्षांत. म्हणजे मंडळ स्थापन झाल्यावर वीस वर्षांनीं. तोंपर्यंत ज्याला मराठ्यांचा इतिहास अस्सल कागदांवरून लिहावयाचा त्याला लोकांच्या घरांतील रुमालांवांचून दुसरा आधार नव्हता. राजवाड्यांनीं अशीच पायपीट करून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला होता, आणि त्या मालेचे पुढें बावीस खंड झाले. एका माणसाच्या पायांनीं व एका माणसाच्या पेटींतील पैशांनीं एवढें काम उरकण्यासारखें नव्हतें. कागद शोधावेत, ते एका जागीं ठेवावेत आणि छापून सर्वांपुढें मांडावेत, यासाठीं मंडळ निघालें. हें कारण ज्या नोंदींत आहे, ती वाचून केदारखेड्याच्या घराला निदान एवढें तरी कळेल कीं, आपला रुमाल हीच त्या संस्थेची मूळ गरज होती.

दुसरी गोष्ट किंचित् नाजूक आहे. संस्थेवरील नोंद पुष्कळदां संस्थेचा कोणी स्नेहीच लिहितो, कारण माहिती त्याच्याचपाशीं असते. मग संस्थेंतील मतभेद ही घरांतली गोष्ट ठरते आणि ती बाहेर सांगूं नये असा संकोच पडतो. राजवाडे पुढें मंडळापासून दूर झाले. ते स्वभावानें कडक होते आणि कोणाशींहि मिळतें घेण्याबद्दल त्यांची ख्याति नव्हती. त्यांत आश्चर्य वाटण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु ही हकीकत गाळली तर केवळ चरित्राचा तपशील जात नाहीं. राजवाड्यांचें निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें झालें, आणि त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठीं १९२७ सालीं तेथेंच राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. जो अभ्यासक फक्त पुण्याची नोंद वाचून निघेल, त्याला राजवाड्यांच्या हातचे कागद पाहावयाचे असतील तर तो चुकीच्या गांवीं उतरेल. भांडण झालें कीं सामान दोन घरीं वांटलें जातें. कोशानें भांडणाची चव घेऊं नये, पण सामान कोठें आहे हें सांगावेंच.

आतां आकड्यांविषयीं. मंडळाच्या संग्रहांत मोडी, फारसी आदि मिळून सुमारे पंधरा लाख कागद आहेत, असें मंडळाकडूनच सांगितलें जातें. पोथ्या, नाणीं, चित्रें, ताम्रपट हे वेगळेच. आकडा अविश्वसनीय आहे असें म्हणावयाचें कारण नाहीं. तथापि नोंदकारानें हा आकडा कोणाचा व कोणत्या सालचा हें लिहिलें पाहिजे. आणि त्याहून अधिक महत्त्वाचें म्हणजे त्यांपैकीं किती कागदांची यादी झाली आहे व किती छापले गेले, हेंहि विचारलें पाहिजे. रुमालांत बांधलेला कागद आणि यादींत चढलेला कागद यांत विहिरींतील पाणी व घागरींतील पाणी इतकें अंतर असतें. मंडळाचें त्रैमासिक १९२० पासूनचें आहे, आणि शिवचरित्रसाहित्याचे खंड तर कोणत्याहि अभ्यासकाला टाळतां येत नाहींत. दत्तो वामन पोतदार, शंकर नारायण जोशी, गणेश हरि खरे यांच्यासारख्या माणसांनीं उभें आयुष्य या कामांत घातलें. नोंदींत त्यांचीं नांवें येतात तीं आदरापोटीं. पण खरे यांना फारसी येत होतें म्हणून मंडळांतील फारसी कागद बोलूं लागले, हें एक वाक्य त्या आदराहून अधिक कामाचें आहे. निजामाच्या मुलखांतील रुमालाला तर फारसी जाणणारा माणूसच हवा असतो.

कोश जुना होतो, ही अडचण निराळीच. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० नंतरच्या दहाएक वर्षांत पुरे केले. भाग विकून कंपनी काढायची आणि तिच्या बळावर कोश छापायचा, हें धाडस आजहि थक्क करणारें आहे. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालचा. दोहोंच्या मध्यें अर्धें शतक गेलें. या अर्ध्या शतकांत जतन या शब्दाचा अर्थच पालटला. केदारखेड्याहून फार दूर नसलेल्या अजिंठ्याचें पाहावें. हैदराबाद संस्थानानें १९१४ सालीं पुराणवस्तु खातें काढलें, गुलाम यझदानी यांच्याकडे तें सोंपविलें, आणि १९२० ते १९२२ या काळांत चित्रांच्या दुरुस्तीसाठीं चेक्कोनी व ओर्सिनी हे दोन इटालियन कारागीर आणविले. त्यांनीं सुटूं लागलेले रंगाचे पापुद्रे भिंतीला चिकटविले. हें काम चांगलें झालें. परंतु वरून लाखेच्या रोगणाचा जो हात दिला, तो कालांतरानें पिवळा पडून काळवंडला, व मूळ रंग त्याखालीं झांकोळले. पुढें तें रोगण काढून टाकण्याचें काम भारतीय पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षें करावें लागलें. १९२५ सालच्या कोणा नोंदकारानें हैदराबादच्या खात्याची स्तुतीच केली असती, आणि त्या वेळीं ती योग्यच ठरली असती. म्हणून संस्थेनें अमुक वास्तु जतन केली असें वाक्य आढळलें कीं, कोणत्या द्रव्यानें, कोणत्या सालीं, आणि पुढें त्याचें काय झालें, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय वाचकानें पान उलटूं नये.

आणखी एक गोष्ट मराठवाड्याच्या माणसाला खुपल्यावांचून राहत नाहीं. जालना जिल्ह्यांतील असई हें गांव इंग्रजी ज्ञानकोशांत पूर्वींपासून आहे. कारण २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें वेलस्लीनें शिंदे व भोसले यांच्या फौजांशीं लढाई जिंकली, आणि त्याचीं पत्रें पुढें छापलीं गेलीं. ज्याचीं पत्रें छापून निघतात त्याचें गांव कोशांत जातें. परंतु त्याच टापूंतील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांचीं नांवें सांचीच्या स्तूपावर कोरलेलीं आहेत. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा खंडित भाग मिळाला. तशीच मूर्ति १९३८ सालीं इटलींत पोंपेईच्या राखेखालीं सांपडली होती, व ती आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. केतकरांच्या कोशांत यांतलें कांहीं असणें शक्यच नव्हतें.

याच जातीची तिसरी मूर्ति धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें आहे. तेर म्हणजे जुनें तगर. तेथें ती कोणा मंडळानें किंवा विद्यापीठानें राखली नाहीं. रामलिंगप्पा लामतुरे या गांवच्याच गृहस्थांनीं पावसानें उघडे पडलेले मणी, नाणीं, मातीच्या मूर्ति वर्षानुवर्षें वेंचून घरीं ठेवल्या. हजारों वस्तूंचा तो संग्रह पुढें शासनाच्या संग्रहालयाचा पाया झाला, आणि संग्रहालयाला आज त्यांचेंच नांव आहे. संस्थेची नोंद लिहितांना नोंदकार घटना, पदाधिकारी, इमारत आणि वर्गणी यांचा शोध घेतो. लामतुऱ्यांच्या कामाला घटना नव्हती व पदाधिकारीहि नव्हते. अशा माणसाला कोणत्या अक्षराखालीं घालावयाचें, हा प्रश्न मात्र कोशाच्या संपादकांनींच सोडवावयाचा आहे.