शेवटची ओळ आधी



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले. अशा माणसाने मुलांच्या गोष्टींवर बोलावे हे धाडसच. पण दर मे महिन्यात नांदगावी आलो की वाडीतली मुले जमवून मी त्यांच्याकडून गोष्टी लिहवून घेतो, तेवढाच माझा अधिकार.

मुले सुरुवात झोकात करतात. व्हाळाला पूर येतो, साकव वाहून जातो, गाय पलीकडे अडकते. मग पेन्सिल चावली जाते, आणि शेवटी लिहितात, 'इतक्यात मला जाग आली.' हा शेवट नव्हे, ही पळवाट!

म्हणून मी शेवटची ओळ आधी लिहवतो, वहीच्या मागच्या पानावर. एका मुलीने लिहिले, 'दादाने दोर टाकून गाय आणली.' मी विचारले, "बाय, हा दादा इतका वेळ होता कुठे?" ती पहिल्या ओळीकडे परत गेली, आणि दादा तिथे पडवीत सुंभ वळीत बसला! पुढे लिहिताना शेवट बदलावासा वाटला तर खुशाल बदलावा, मात्र समजून. गाय परत न येणे हाही शेवटच आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. आई जाणार हे त्यांना पहिल्या रात्रीपासून ठाऊक होते.

माझा हा हट्ट कुठला, तेही सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. वडील ट्रंक घेऊन गावी आले. मी रोज तिन्हीसांजेला विचारी, "बाबा, संप मिटलो?" ते म्हणत, "मिटतलो." माझी शाळा त्याच वर्षी सुटली.

आज संपाची नोटीस लिहायला बसलो की मी आधी विचारतो, काय पदरात पडले म्हणजे कामावर परत जायचे? तरुण कार्यकर्ते चिडतात. म्हणतात, लढायच्या आधीच माघारीची भाषा! चिडू देत.

यंदा एका मुलाने मागच्या पानावर लिहिले आहे, 'बाबा नांदगाव रोड स्टेशनवर उतरले.' सणापुरते की कायमचे, हे त्याचे अजून ठरत नाही. पहिले पान कोरेच आहे. उद्या सकाळी आम्ही पुन्हा बसणार आहोत.