ओलाव राजाच्या वाटेवर एक दिवस

वाट बांधावयास पुष्कळ माणसे लागतात. वाट मोडावयास मात्र कोणीच लागत नाही. चालणारी पावले थांबली की चार-दोन पावसाळ्यांत गवत माजते, झुडपे उभी राहतात, शेजारचा शेतकरी आपला बांध दोन हात पुढे सरकवतो, आणि नकाशावरची रेघ नकाशावरच राहते. महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाला ही गोष्ट पुस्तकात वाचावी लागत नाही. म्हणूनच, साडेचारशे वर्षांहून अधिक काळ मोडून पडलेली एक यात्रेची वाट पुन्हा चालती झाली आहे, असे नॉर्वेमध्ये असताना माझ्या कानी आले, तेव्हा तिच्यावरून निदान एक मजल तरी पायी जावे असे मला वाटले. त्या एका दिवसाविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

ही वाट ओलाव हाराल्डसन या राजाची. १०२८ साली राज्य गमावून तो रशियाकडे यारोस्लाव राजाच्या आश्रयास गेला, आणि दोन वर्षांनी स्वीडनमार्गे, अरण्ये आणि डोंगर ओलांडून, मूठभर सैन्यासह परतला. २९ जुलै १०३० रोजी स्तिक्लेस्ताद येथे लढाई झाली आणि राजा पडला. त्याला पाडणारे कोणी परके नव्हते. ते त्याच्याच मुलखातील सरदार आणि शेतकरी होते. परंतु खरे नवल पुढेच आहे. जेमतेम वर्ष उलटले तोच, ३ ऑगस्ट १०३१ रोजी, ज्या राजाला लोकांनी मारले त्यालाच त्यांनी संतपद दिले. त्याच्या समाधीवर निदारोसचे, म्हणजे आजच्या ट्रॉन्डहाइमचे, भव्य चर्च उभे राहिले. पुढील पाच शतके उत्तर युरोपातील यात्रेकरू तेथे येत राहिले. १५३७ साली धर्मसुधारणेची लाट आली आणि यात्रा थांबली. राजाची चांदीची पेटी कोपनहेगनला नेऊन वितळविण्यात आली. शव चर्चमध्येच पुन्हा पुरले गेले. परंतु त्याची नेमकी जागा आज कोणालाही सांगता येत नाही.

१९९७ साली ट्रॉन्डहाइम शहराला हजार वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने नॉर्वे सरकारने जुने यात्रामार्ग पुन्हा आखून खुले करण्यास प्रारंभ केला. स्वीडनच्या किनाऱ्यावरील सेलोंगरपासून ट्रॉन्डहाइमपर्यंत जाणारा, ओलावच्या अखेरच्या स्वारीचा सुमारे ५८० किलोमीटरांचा मार्ग २०१३ पासून सलग खुणांनी दाखविलेला आहे. त्यापैकी स्तिक्लेस्ताद ते मुन्केबी ही एका दिवसाची मजल मी निवडली.

स्तिक्लेस्तादचे चर्च बाराव्या शतकातील आहे. जखमी राजा ज्या दगडाला टेकून मरण पावला, त्याच ठिकाणी ते बांधले, अशी परंपरा आहे. तेथून निघालो तेव्हा ऑगस्टचा पहिला आठवडा होता. वाट आधी सातूच्या शेतांच्या कडेने जाते आणि मग एकाएकी रानात शिरते. आपल्या रानात वाऱ्याबरोबर पाने वाजतात, पाखरे भांडतात. तेथील स्प्रूस वृक्षांचे रान मुके आहे. खाली हातभर जाडीचे शेवाळ. पावलाचा आवाज ते गिळून टाकते. जागोजागी सुयांसारख्या पानांनी रचलेली मुंग्यांची कंबरभर उंच वारुळे दिसतात. मधूनच एखादा पांढऱ्या सालीचा भूर्ज वृक्ष दिसला की दिवा लावल्यासारखे वाटते. दलदल आली की तिच्यावर दोन-दोन फळ्या टाकलेल्या असतात. वाट चुकण्याची भीती नाही. कारण दर काही पावलांवर खांबावर ओलावची खूण दिसते. चार कोपऱ्यांना चार फास असलेला चौकोन आणि त्यावर क्रूस. निदारोस किती दूर आहे, तो आकडा कोरलेले मैलाचे दगडही या मार्गावर आहेत.

ही वाट बहुतेक ठिकाणी खाजगी मालकीच्या जमिनीतून जाते, हे ऐकून मला प्रथम आश्चर्य वाटले. पण नॉर्वेमध्ये मोकळ्या रानातून पायी जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो आधी केवळ वहिवाटीने चालत आलेला होता. १९५७ साली त्याला कायद्याचे रूप मिळाले. रानातली निळी बोरे खुडून खावीत, वसतीच्या घरापासून १५० मीटर दूर तंबू ठोकावा. मात्र पेरलेल्या शेतात पाऊल टाकू नये, आणि गुरांचे फाटक उघडले तर लावून घ्यावे. मालकाची मालकी कायम, आणि वाटसरूची वाटही कायम! आमच्या तालुक्यांतून पाणंदीचे आणि शेतरस्त्यांचे तंटे १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याखाली आजही तहसीलदारापुढे येतात. ते ऐकण्यात माझी कितीतरी वर्षे गेली. तो कायदाही वाईट नाही. पण तो तंटा झाल्यावर जागा होतो. नॉर्वेचा कायदा लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे, आणि म्हणून त्या फाटकावर पहारेकरी लागत नाही.

दुपारी एका ओंडक्यावर बसून शिदोरी सोडली, तेव्हा एक स्वीडिश बाई येऊन शेजारी बसल्या. निवृत्त शिक्षिका, वयाची पासष्टी उलटलेली. सेलोंगरपासून एकट्या चालत आल्या होत्या. देवधर्माविषयी मी काही विचारले नाही. त्यांनीच सांगितले की चर्चमध्ये जाण्याची आपल्याला सवय नाही. यजमान आदल्या वर्षी वारले होते. “घरात बसले की प्रत्येक खुर्ची बोलते,” त्या म्हणाल्या, “येथे निदान संध्याकाळपर्यंत कोठे जावयाचे, हे ठाऊक असते.” एवढे बोलून त्यांनी पिशवी पाठीवर घेतली आणि त्या पुढे निघाल्या.

त्यांचे हे शब्द मला मुन्केबीपर्यंत सोबत करीत राहिले. पंढरीच्या वाटेवर लक्षावधी पावले चालतात. तेथे वाट शोधावी लागत नाही, दिंडीच वाट होते. दुःखी माणसाच्या मागे-पुढे टाळ वाजत असतात आणि त्याला एकटे राहूच देत नाहीत. या उत्तरेकडील वाटेवर मनुष्य एकटाच चालतो. संताची समाधी कोठे आहे हे ठाऊक नाही, आणि पुष्कळांचा त्या संतावर विश्वासही नाही. मग ही यात्रा म्हणावी काय? सरकारने दगड रोवले, फळ्या टाकल्या, नकाशे छापले. सरकारला एवढेच करता येते. चालण्याचे कारण मात्र ज्याचे त्याने घरून आणावे लागते. माझ्या मते, कारण घेऊन निघालेल्या माणसाला मोकळी आणि निर्धास्त वाट मिळणे, ही लहान गोष्ट नव्हे.

मुन्केबी येथे मध्ययुगीन सिस्टर्शियन मठाचे भग्न दगडी अवशेष झाडीत उभे आहेत. बाराव्या शतकातील हा मठ त्या पंथाचा जगातील सर्वांत उत्तरेकडील मठ होता. शतकानुशतके तेथे प्रार्थना झाली नाही. २००९ साली फ्रान्समधील सितो या मूळ मठातून चार भिक्षू आले आणि जवळच त्यांनी नवा मठ वसविला. आसपासच्या गाईंच्या दुधाचे चीज करून ते विकतात आणि त्यावर आपला निर्वाह चालवितात. मी पोचलो तेव्हा सायंप्रार्थनेची वेळ होती. बाहेर अजून लख्ख ऊन होते. त्या मुलखात उन्हाळ्यात दिवस लवकर मावळत नाही. मागच्या बाकावर त्या स्वीडिश बाई बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत नव्हते. पण चिखलाने माखलेले बूट त्यांनी दाराबाहेर नीट जोडून ठेवले होते.

मोडलेली वाट पुन्हा चालती होते ती अशी. आधी कोणीतरी तिच्यावरचा हक्क राखून ठेवावा लागतो. मग कोणीतरी दगड रोवतो. आणि शेवटी, कोणी न बोलावता, पावले येतात. पावले कोणाची आणि कशासाठी येतील, हे दगड रोवणाऱ्याने विचारू नये. आपल्या गावची एखादी जुनी पाणंद बुजत चालली असेल, तर श्रोतेहो, तिच्याकडे एकवार या दृष्टीने पाहावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.