फॅनी लू हेमर : मताचा हक्क आणि पोटाचा हक्क

(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गिरणीत आम्ही कापूस पाहिला तो गाठीत आवळलेला. तो वेचणारे हात पुस्तके वाचू लागलो तेव्हा दिसले. त्यातले दोन हात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॅनी लू हेमर या काळ्या बाईचे. जन्म १९१७ चा, वीस भावंडांत सर्वांत धाकटी. सहाव्या वर्षापासून कापूस वेचणे. त्यात पोलिओने पाय अधू.

१९६१ साली पोटातली गाठ काढायला ती दवाखान्यात गेली. डॉक्टरने न विचारता, न सांगता गर्भाशयच काढून टाकले. काळ्या बायांवर ही शस्त्रक्रिया इतकी सर्रास होई की तिला 'मिसिसिपीचे अपेंडिक्स' असे नावच पडले होते. आता सांगा, आपल्या देहावरच जिची सत्ता नाही, तिने मत कुठल्या बळावर मागायचे?

पण तिने मागितले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ती मतदार यादीत नाव घालायला इंडियानोलाला गेली. मळ्याचा मालक म्हणाला, अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. अठरा वर्षे राबलेला मळा बाईने त्याच रात्री सोडला. त्याच हिवाळ्यात जवळच्या लेफ्लोर कौंटीने गरिबांचे सरकारी धान्य बंद केले, का तर काळे लोक नावे नोंदवतात! पोट आवळले की माणूस गप्प बसतो, हा हिशेब. संपाच्या दिवसांत ज्यांनी चूल चालवली त्या बायांना तो फोडून सांगायला नको.

जून १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात तिला बेदम मारले. मूत्रपिंड आणि डोळा कायमचे अधू झाले. १९६४ साली अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात तिने हे सगळे देशासमोर सांगितले. प्रक्षेपण अडवायला खुद्द अध्यक्ष जॉन्सन यांनी ऐनवेळी पत्रकार परिषद घेतली. तरी रात्री दूरदर्शनवर तिचे बोलणे घरोघर गेलेच.

लोक तिथे थांबतात. आम्हाला पुढचे जास्त मोलाचे वाटते. १९६७ साली तिची थोरली दत्तक मुलगी अन्नाविना खंगलेली, रक्तस्रावाने आजारी. जवळपास उपचार मिळेनात, म्हणून दूर मेम्फिसला नेली, पण वाचली नाही. म्हणजे मत मिळाले तरी लेक गेली ती गेलीच. मग १९६९ मध्ये बाईने 'फ्रीडम फार्म' काढले, चाळीस एकरांवर. भेंडी, शेंगा, पालेभाज्या पिकवायच्या आणि गरिबांना वाटायच्या, मग तो काळा असो की गोरा. वर डुकरांची बँक! गरजू घराला एक मादी द्यायची. ती व्याली की दोन पिल्ले बँकेत परत, ती दुसऱ्या घराला. व्याज नाही, जामीन नाही. आमच्या पतपेढीच्या मंडळींनी जरा कान द्यावा.

तिचे म्हणणे सरळ होते. घरात अन्नाचा साठा असला, तर तुम्हाला कोणी हाकलू शकत नाही, की नाचवू शकत नाही. तब्येत आणि स्वातंत्र्य तिच्या लेखी दोन खाती नव्हती.

पुढे जमीन सहाशे एकरांच्या वर गेली. मग पूर आले, कर्ज वाढले, आणि शेत बुडाले. तिचाही देह मारहाणीनंतर कधी सावरला नाही. मार्च १९७७ मध्ये ५९ व्या वर्षी ती गेली. शेत फसले म्हणणाऱ्यांनी आधी डुकरीण मिळालेल्या घरातल्या बायांना विचारावे.