ख्रिस्तमंदिराच्या आवारांतील बाग
(ज्युबिली वर्षानिमित्त धर्मग्रामस्थांपुढें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या व्याख्यानांत आमच्या वांट्यास बागेचा विषय आला आहे. धर्मगुरूनें बागेवर काय बोलावें, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटलें असेल. परंतु ख्रिस्तमंदिराच्या आवारांत ज्युबिलीची आठवण म्हणून बाग करावी, ही सूचना समितीपुढें आल्यापासून हा विचार टाळणें आम्हांस शक्य राहिलें नाहीं. सूचना उत्तम आहे. वाद आहे तो बाग कसली असावी एवढ्यापुरताच. एका ठेकेदारानें आणून दाखविलेल्या नकाशांत मध्यभागीं बाजारांत ज्याला मेक्सिकन म्हणतात त्या गवताची हिरवळ, तिच्या कडेनें शोभेचे ताड, सभोंवार सिमेंटचे रंगीत ठोकळे आणि मातेच्या ग्रोटोपाशीं कुंड्यांची रांग, असा बेत होता. नकाशा मोठा देखणा होता. आम्हीं एकच प्रश्न विचारला: एप्रिल-मे महिन्यांत हिला पाणी कोठून आणावयाचें? "टँकर मागवूं," असें उत्तर मिळालें.

वसईच्या भूमींत उभें राहून हें उत्तर द्यावें, याचें आम्हांस नवल वाटलें. आपल्या या रेताड पट्टींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगल्यासारखें असतें. वरचें गोडें पाणी प्रमाणाबाहेर उपसलें कीं खालचें खारें पाणी वर सरकतें, आणि एकदां मचूळ झालेली विहीर पुनः गोड होण्यास कित्येक पावसाळे लागतात. आपले पूर्वज शास्त्र शिकले नव्हते, पण हें त्यांस ठाऊक होतें. म्हणूनच वाडी तेथें विहीर, विहिरीवर रहाट आणि जवळपास बावखल, अशी त्यांची व्यवस्था असे. बावखलांत पावसाचें पाणी सांठे, तें हळूहळू मुरे, आणि विहिरी उन्हाळ्यांतहि तग धरीत. १९८९ च्या सुमारास याच विहिरींचें पाणी टँकरनें विकण्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समितीनें चळवळ केली. त्या मोर्च्यांत चाललेले लोक आज या सभेंत बसले आहेत. आणि त्याच धर्मग्रामाच्या आवारांत गवत जगविण्यासाठीं टँकर यावा! अशा हिरवळीस भर उन्हाळ्यांत दर चौरस मीटरामागें रोज चार-पांच लिटर पाणी लागतें. चारशें चौरस मीटर हिरवळ म्हणजे दररोज सुमारें दोन हजार लिटर. कित्येक कुटुंबें इतक्या पाण्यांत दिवस काढतात.

तेव्हां बागेची परीक्षा ती फुलली असतांना करूं नये. पाणी तुटलें, माळी आजारी पडला, वादळ झालें, किंवा पुढील समितीचा उत्साह मावळला, तरी जी बाग उभी राहते ती खरी बाग, असें आमचें मत आहे. अशी बाग करावयाची तर या मातींत, या चार महिन्यांच्या पावसांत आणि आठ महिन्यांच्या कोरडेपणांत राहावयास जीं झाडें सहस्रावधि वर्षें शिकलीं आहेत, त्यांनाच प्रथम बोलावणें शहाणपणाचें.

येथें कोणी म्हणेल, कीं धर्मगुरु झाडांतहि परका-आपला असा भेद करूं लागले. तसें नाहीं. आपल्या वाडींतील पेरू, पपई, अननस, काजू आणि स्वयंपाकांतील मिरचीसुद्धां अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्या काळीं आलेली आहे. तीं टाकून द्या म्हटलें तर घरोघरच्या गृहिणी आम्हांस आवारांत उभें करणार नाहींत. आपल्या दफनभूमींतील पांढरा खुरचाफाहि मूळचा मेक्सिकोकडचा. कांहीं पाहुणे पंगतींत बसून घरचेच होतात. परंतु कांहीं पाहुणे घर बळकावतात: रानोरान पसरलेली घाणेरी, बावखलांवर गालिच्यासारखी पसरून त्यांतील जीव गुदमरविणारी जलपर्णी, आणि जागा मिळेल तेथें माजणारी सुबाभूळ. आणि कांहीं पाहुणे निरुपद्रवी असूनहि कोणाच्या उपयोगीं पडत नाहींत. खुरचाफ्याच्याच फुलांत मध नसतो, हें थोड्यांस ठाऊक असेल; रात्रीं त्याच्या गंधानें फसून येणारे पतंग उपाशीच परत जातात. म्हणून जुना चाफा तोडावयाचा नाहीं. पण त्याच्या शेजारीं बकुळ आणि सुरंगी लावावयाची, म्हणजे त्या बिचाऱ्या पतंगांची आणि मधमाश्यांची सोय होईल.

देशी झाडाचा मोठा गुण हा कीं त्याला खाणारे पुष्कळ असतात. हें ऐकून आपण हंसाल. पण पानाला भोंक पडलें कीं फवाऱ्याची बाटली शोधण्याची जी संवय आपणांस लागली आहे, तिच्यामुळेंच वाड्यांतून फुलपाखरें आणि पांखरें कमी झालीं. बहाव्याच्या पानांवर फिकट पिवळीं फुलपाखरें अंडीं घालतात, कढीपत्त्यावर आणि लिंबावर काळीं, शेपटीचीं, रुईवर नारिंगी. त्यांच्या अळ्या पानें खातात, त्या अळ्या बुलबुल आणि शिंपी आपल्या पिलांस भरवितात, आणि पुढच्या पावसांत झाडाला पुनः पालवी फुटते. उंबराची कथा तर याहून विलक्षण आहे. उंबराचें फूल दिसत नाहीं असें आपण म्हणतों, कारण फुलें त्या फळासारख्या गोळ्याच्या आंत असतात. तेथवर पोहोंचते ती एक अगदीं बारीक गांधीलमाशी. ती उंबराखेरीज कोठें वाढत नाहीं, आणि तिच्याखेरीज उंबराला बी धरत नाहीं. इतर फळें नसतात त्या दिवसांतहि उंबर, वड आणि पिंपळ यांवर फळ असतें, म्हणून तांबट, कोकीळ आणि वटवाघुळें यांचा निर्वाह चालतो. शोभेच्या ताडांची एक रांग तोडून तेथें एक उंबर लावला तर आवाराचें रूप तीन-चार वर्षांत पालटेल.

या बाबतींत आपल्या पंथाच्या धर्मगुरूंनीं पूर्वींच पुष्कळ श्रम केले आहेत. स्वित्झर्लंडमधून मुंबईस आलेले येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७-१९३४) यांनीं या प्रांतांतील वनस्पति गोळा करून, वाळवून, त्यांची नोंद केली. त्यांच्या नांवाचा वनस्पतिसंग्रह मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत आजहि आहे. त्यांच्यानंतर स्पेनचे फादर सांतापाव यांनीं खंडाळ्याच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध केला आणि पुढें ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. परदेशाहून आलेल्या या साधुपुरुषांनीं आपल्या डोंगरांतील गवताचें पातेंसुद्धां ओळखून घेतलें, आणि आपण मात्र आसुपालवालाच अशोक समजून त्याच्या रांगा लावीत आलों! खरा सीताअशोक निराळा. तो सावलींत, ओलाव्यांत वाढतो, आणि नारिंगी फुलांचे गुच्छ खोडालगतच धरतो. आवाराच्या उत्तरेकडील भिंतीच्या सावलींत त्याची जागा आहे.

आतां आवाराची मांडणी सांगतों. ख्रिस्तमंदिराचें आणि सभागृहाचें छप्पर मिळून पांचशें चौरस मीटर धरूं. आपल्याकडे वर्षांत सुमारें दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबानें केवळ छपरावर वर्षाकाठीं दहा लाख लिटर पाणी पडतें आणि आज तें गटारांतून रस्त्यावर जातें. पन्हाळींचें पाणी गाळून विहिरीजवळच्या खड्ड्यांत सोडावें, आणि आवाराच्या सखल कोपऱ्यांत लहानसें बावखल खणावें. त्याच्या कांठावर ताम्हण लावावी. ती आपल्या राज्याचें पुष्प आहे, ओलाव्यांत आनंदानें वाढते आणि भर उन्हाळ्यांत जांभळी होऊन उभी राहते. बावखलांत गप्पी मासे सोडावे असें कोणी सुचवील. पण तेहि अमेरिकेचेच, आणि ते बेडकांचीं पिलें खातात. आपल्या ओढ्यांतील लहान मासे डांसांच्या अळ्यांस पुरेसे आहेत.

पश्चिमेकडून समुद्राचा खारा वारा येतो. त्या बाजूस उंडी, करंज आणि भेंड यांची दुहेरी रांग हवी. उंडीचें तेल पूर्वीं कोंकणांत दिव्यांत जाळीत, लांकूड होड्यांस वापरीत, आणि तिचीं पांढरीं फुलें मंद सुगंधाचीं असतात. किनाऱ्यावर आपण सर्वत्र पाहतों तो सुरू बाहेरून आणून लावलेला आहे. तो वारा अडवितो हें खरें, पण त्याच्या सुईसारख्या पानांच्या थरांतून दुसरें रोप क्वचितच डोकें वर काढतें, आणि वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल त्याच्या छायेंत जगत नाहीं. दरवाज्यापाशीं बहावा, ग्रोटोपाशीं सोनचाफा, कुंपणाला निर्गुडी, अडुळसा आणि करवंद. मुलांना खेळावयास जागा हवीच. तेथें आपली साधी हरळी राहूं द्यावी. ती उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि पहिल्या पावसानें हिरवी होते, त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. एक सूचना मात्र अगत्यानें करतों: एकाच झाडाच्या रांगा लावूं नयेत. सातवीण आपल्याच सह्याद्रींतली, परंतु शहरांत रस्तोरस्तीं तीच लावल्यामुळें शरदऋतूंत तिच्या उग्र वासानें लोक त्रासतात. देशी झाडहि एकटेंच भरून टाकलें तर कीड आणि रोग एकाच वेळीं सर्वांस गांठतात.

शिवाय एक कोपरा अगदीं मोकळा ठेवावा असा आमचा आग्रह आहे. असिसीचे संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा एक भाग न लावतां तसाच राखावयास सांगत, म्हणजे तेथें रानफुलें आपोआप उगवतील; पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकांत या गोष्टीची आठवण दिली आहे. आपल्या कोपऱ्यांत तेरडा, केना, आघाडा येतील. पाहुण्यांपैकीं कोणी त्याला गबाळेपणा म्हणाला तर त्याला आमच्याकडे पाठवावें.

निगेविषयीं थोडें. रोप दोन-तीन फुटांचें असावें. पिशवींत मुळें गुरफटलेलें दहा फुटी झाड महाग पडतें आणि मागें राहतें. जून अखेर, जमीन चांगली भिजल्यावर, शेणखत आणि पालापाचोळा घालून लावावें. मोठ्या झाडांत पंचवीस फूट अंतर असावें. पहिल्या उन्हाळ्यांत तीन-चार दिवसांआड, दुसऱ्यांत आठवड्यास, तिसऱ्यांत केवळ एप्रिल-मे महिन्यांत पाणी द्यावें. पुढें तें आपलें पाणी आपण शोधतें. पाचोळा जाळण्याची आपली जुनी खोड मात्र सोडलीच पाहिजे: तोच झाडाचें खत, तोच ओलावा धरणारें पांघरूण. आणि बुंध्याला सिमेंट भिडवूं नये. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलें, तेव्हां देशी-परदेशी दोन्ही झाडें पडलीं. परंतु ज्या झाडाचीं मुळें फरशीखालीं आवळलेलीं असतात त्याला जमीन धरतांच येत नाहीं, मग तें कोणत्याहि देशाचें असो. चारी बाजूंनीं निदान तीन-चार फूट उघडी माती हवी. नाताळांत रोषणाईसाठीं खोडांत खिळे ठोकूं नयेत, हें तरुण मंडळास वेगळें सांगावयास नको.

खर्चाचा प्रश्न उरला. रोपें विकत घेण्याची फारशी गरज नाहीं. ख्रिस्तमंदिराच्या मागील भिंतींत पिंपळ आणि उंबर स्वतः उगवून बसले आहेत. पावसाळ्यांत तीं रोपें मुळांसकट सोडवून घेतलीं तर भिंतहि वांचेल आणि झाडहि. मात्र तीं इमारतीपासून पुष्कळ दूर लावावयाचीं. जांभळाचें बी खाल्ल्यापासून थोड्याच दिवसांत पेरावें, वाळलें कीं तें फुकट जातें. करंज आणि उंडी ताज्या बियांपासून सहज येतात. बहाव्याचें बी फार कठीण. तें खरखरीत दगडावर घासून मगच पेरावें. त्याच्या काळ्या लांब शेंगा सध्यां झाडांवर आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांनीं त्या पुढील रविवारपर्यंत गोळा कराव्या. धर्मग्राम कार्यालयाच्या ओसरीवर त्यांसाठीं टोपली ठेविली आहे, आणि घासण्यासाठीं पाट्याचा एक फुटका दगडहि.