भोंग्याचं रडगाणं पुरे



पत्रिकेत माझ्या नावामागे ‘ज्येष्ठ’ छापलंय. ज्येष्ठ माणसानं चार आठवणी सांगाव्यात, डोळे पुसावेत आणि मंडळींना चहाला मोकळं करावं, अशी एक रीत आहे. ती माझ्याच्यानं पाळली जाणार नाही. सकाळपासून या मांडवात गिरणीच्या भोंग्यावर कविता चालल्यात. भोंगा झाला की सोलापूर जागं व्हायचं, भोंग्यावर घराघरात चूल पेटायची, आता भोंगा गेला आणि शहर मुकं झालं. टाळ्याही जोरात पडल्या. पण भोंगा मालकाचा होता, हे एकाही कवीला आठवलं नाही. पाळीला पाच मिनिटं उशीर झाला तर फाटकातून परत पाठवणारा तोच भोंगा. त्याच्या नावानं गळा काढायला मला बोलावलं असेल, तर तुमचा माणूस चुकला.

आणि भोंगा बंद का पडला, हे विचारलं की या गावात चहाच्या गाड्यापासून चेंबरच्या हॉलपर्यंत एकच उत्तर तयार असतं. संपांनी गिरण्या खाल्ल्या. लाल बावट्यानं सोलापूर बुडवलं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता सांगणाऱ्याला मी एवढंच विचारते, जुनी मिल कुणी बंद पाडली?

जुनी मिल म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी. १८७७ साली सुरू झाली, आणि तिच्याभोवती हे शहर वाढलं. ऑगस्ट १९४९ मध्ये त्या गिरणीला टाळं लागलं. संपानं नव्हे, व्यवस्थापनानं लावलं. हजारो माणसं एका दिवसात रस्त्यावर आली. जानेवारी १९५० मध्ये, म्हणजे संविधान लागू होण्याच्या काही दिवस आधी, केंद्र सरकारला या एका गिरणीसाठी वटहुकूम काढावा लागला, आणि मग संसदेनं कायदा केला. त्या कायद्याच्या उद्देशिकेत कारण स्पष्ट लिहिलंय, गैरव्यवस्थापन आणि हयगय. देशाच्या कायद्यात नोंदलेली गोष्ट आहे ही, कुठल्या मोर्चातली घोषणा नव्हे. सरकारनं कारभार हाती घेतला तेव्हा कोर्टात कोण धावलं? भागधारक. चिरंजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार, १९५०. सर्वोच्च न्यायालयाच्या अगदी पहिल्या वर्षातला खटला. तो फेटाळला गेला, तर दुसरा भागधारक आला, द्वारकादास श्रीनिवास, आणि १९५३ च्या डिसेंबरात तो जिंकला. नुकसानभरपाई न देता मालमत्तेवर ताबा घेतला, असं कोर्ट म्हणालं.

देशभरातली वकिलीची पोरं आजही हे दोन खटले पाठ करतात. समानतेच्या हक्कासाठी एक, मालमत्तेच्या हक्कासाठी दुसरा. त्यात भागधारक आहे, संचालक आहे, सरकार आहे. ज्याची चूल विझली तो साचेवाला त्या खटल्यात पक्षकारच नाही. त्याच्या नोकरीला मालमत्ता म्हणायची कुणाची तयारी नव्हती. साठीच्या दशकात ती गिरणी कायमची बंद पडली. दत्ता सामंतांचा मुंबईतला गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. संपानं गिरण्या मेल्या म्हणणाऱ्यांनी निदान कॅलेंडर तरी बघावं.

आता माझ्या बाजूच्या माणसांना बोलते, कारण शत्रूला शिव्या घालून सभा जिंकता येते, संघटना बांधता येत नाही.

सोलापूरच्या गिरण्यांत संप कमी झाले नाहीत. १९२० मध्ये झाला, १९२८ मध्ये झाला, १९३४ चा तर चांगला लांबला. लाल बावट्याच्या कामात मीनाक्षी कऱ्हाडकरांसारखी बाई, म्हणजे पुढच्या मीनाक्षी साने, त्या काळात पुढे उभी होती. तरी मालक टिकले, कारण त्यांच्या हाताशी भिंती होत्या. तेलंगणातून आलेला पद्मशाली एकीकडे, लिंगायत दुसरीकडे, मराठा, महार, मुसलमान आपापल्या जागी. आणि या सगळ्यांच्या पलीकडे काटेरी तारेचं सेटलमेंट. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली तिथे माणसं कुटुंबकबिल्यासह कोंडलेली, रोज हजेरी, बाहेर पडायचं तर पास. ही माणसं गिरण्यांत कामाला लावली जात. ज्याला रात्री तारेच्या आत जाऊन हजेरी द्यायची आहे, तो संपावर कसा जाईल? आणि बाहेरच्या संपकऱ्याला तो भाऊ वाटायचा की चोर? हा प्रश्न आपल्या कामगार साहित्यानं फारसा विचारला नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. शिक्का अजून गेलेला नाही.

मुंबईत वेगळं नव्हतं. तिथे अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि दुसऱ्याच्या थुंकीनं सवर्ण साचेवाल्याचा धर्म बुडत असे. जास्त पगाराचं खातं तेच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला, तेव्हा तो मागण्यांत घेतला गेला, तोही नाखुशीनं. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक तंट्यांच्या बिलाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर गेले. मला विचाराल तर या महाराष्ट्रातल्या कामगार चळवळीचा सगळ्यात मोठा दिवस तो आहे. त्यानंतर असे दिवस किती आले, ते तुम्हीच मोजा.

१९३० बद्दल फार बोलत नाही, तुम्हाला पाठ आहे. मे महिन्यातला सोलापूरचा उठाव, मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना फाशी. चौकातल्या पुतळ्यांना हार पडतो तेव्हा कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करणारा, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवणारा तरुण होता, हे कोण सांगतं? देशभक्त ठेवला, कामगार पुढारी गाळला. सोयीचं आहे.

आता येऊ आजच्या सोलापूरकडे. भोंगा नाही म्हणून कामगार नाही, असं समजणाऱ्या कवीनं एकदा पूर्व भागात दुपारी फिरावं. उंबऱ्यावर बाई बसलेली असते, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान रात्रभर भिजवलेलं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापलेलं. चिमूटभर तंबाखू पानावर पसरायची, गुंडाळायची, टोक नखानं आत मोडायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा. हे बघताना हात दिसत नाहीत, इतके वेगात चालतात. हजार विड्या वळाव्या तेव्हा दिवसाचा रोज. मग त्या घेऊन कारखान्याच्या शाखेत रांगेत उभं राहायचं. तपासणारा मूठ उचलतो, फिरवून बघतो, आणि काही बाजूला टाकतो. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत. पान कमी किंवा फाटकं दिलेलं असलं तर हजार भरायला पदरचं पान विकत आणायचं. वर पुन्हा मालक म्हणणार, ही आमची कामगार नाहीच, ती तर तिच्या घरी बसून काम करते.

याच छाटीवर मालक कोर्टात हरले, हे इथे किती जणांना माहीत आहे? १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं. मालकांनी तो कायदा कोर्टात नेला आणि १९७४ मध्ये हरले. पुढे प्रश्न आला भविष्य निर्वाह निधीचा. घरखेपी बाईवर आमची देखरेख कुठे आहे, असा त्यांचा सवाल. १९८० च्या दशकात पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तुम्ही माल नापास करता ना? नापास करण्याचा अधिकार हीच देखरेख. म्हणजे ज्या हातानं तो बाईला लुबाडत होता, त्याच हातानं त्यानं कबुली दिली की ही माझी कामगार आहे. एवढा सुंदर काव्यगत न्याय आमच्या एका कादंबरीत मला सापडलेला नाही.

पण कायदा आपोआप घरी चालत येत नाही. ओळखपत्र कुणी काढलं, फंडाचे फॉर्म कुणी भरले? तेलुगूत सभा घेणाऱ्या, मराठीत निवेदनं लिहिणाऱ्या, गल्लोगल्ली वर्गणी गोळा करणाऱ्या युनियननं. या युनियनचे नेते नरसय्या आडम मास्तर. त्यांच्याशी तुमचे मतभेद असतील, माझेही आहेत. पण कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ती द्यायला आले. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर. त्याचा पाया जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान मोदींनी घातला आणि त्या व्यासपीठावरच्या कौतुकाबद्दल मास्तरांच्याच मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या, पुन्हा मोदींच्याच हस्ते. सत्तेवर कुणीही असो, त्याला सोलापुरात यावं लागलं. भीक मागून असं होत नाही, मोजून दाखवता येतील इतकी माणसं पाठीशी लागतात.

तरीही मला बोचणारी गोष्ट सांगते, आणि ती ऐकून काही कार्यकर्ते रागावतील. रागावा. घर मिळालं म्हणून मजुरी मिळाली असं होत नाही. पक्क्या घराच्या ओट्यावर बसून बाई त्याच दरानं विडी वळत असेल, तर लढाई अर्धीच झाली. युनियनचं ऑफिस हळूहळू फॉर्म भरायची खिडकी होऊन बसतं. सभासद येतो, सही करतो, योजना घेतो आणि मोर्चाच्या दिवशी त्याला पाहुणे येतात. यंत्रमागाचं बघा. सोलापुरी चादर आणि टॉवेल जगभर जातात. ते विणणारा बारा-बारा तास साच्यावर उभा, वर उचलीच्या कर्जात अडकलेला, आणि फंडाच्या यादीत त्याचं नाव शोधत बसावं लागतं. तिथे आपण विडीएवढी मुळं का धरू शकलो नाही? मालकही त्याच जातीचा, त्याच गल्लीतला, लग्नाकार्यातला, म्हणून कामगार गप्प राहतो. ही भिंत सेटलमेंटच्या तारेपेक्षा चिवट आहे, कारण ती दिसत नाही.

आणि वेळ थोडा आहे. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. पूर्वी संपाची आगाऊ नोटीस मुख्यतः सार्वजनिक सेवांत सक्तीची होती, आता ती सगळ्या कारखान्यांना, चौदा दिवसांची. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एका दिवशी रजा टाकली तरी तो संप धरला जाईल. तीनशेपेक्षा कमी माणसं असतील तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी नको, पूर्वी हा आकडा शंभर होता. १९६६ चा विडी कायदा एका संहितेच्या पोटात गेला. विडी कामगारांच्या दवाखान्याला आणि पोरांच्या शिष्यवृत्तीला पैसा पुरवणारा १९७६ चा उपकर तर २०१७ मध्ये, जीएसटीच्या गडबडीत, आधीच गुंडाळला गेला. किती संपादकीयं आली त्यावर? आपल्यातल्या किती कवींनी एक ओळ लिहिली?

एक गोष्ट मात्र या संहितांनी आपल्या हातात ठेवलीय. एकावन्न टक्के सभासद दाखवाल, तर वाटाघाटीला तुम्हीच. म्हणजे पुन्हा सभासद नोंदणी, पुन्हा वर्गणी, पुन्हा पावती. मालक नक्की कोण हेच ठरत नाही अशा माणसांचं काय, असं विचारणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच १९६९ चा माथाडी कायदा वाचावा. पाठीवर पोतं वाहणाऱ्या, रोज वेगळ्या व्यापाऱ्याकडे राबणाऱ्या हमालांनी मंडळ मिळवलं, व्यापाऱ्याकडून लेव्ही वसूल करवली. आज मोबाइलवर ऑर्डर घेऊन सात रस्त्यावरून सुसाट जाणारा पोरगा त्याच जागी उभा आहे. त्याला कुणी सांगितलं का?

लेखकमित्रांनो, तुम्हाला मी इथून घोषणा द्यायला सांगत नाही. बार्शीच्या गिरणीत राबलेल्या अमर शेखांनी डफ हातात घेतला, लक्ष्मण गायकवाडांनी लातूरच्या सूतगिरणीतले दिवस ‘उचल्या’त लिहिले. त्यांचं ते त्यांनी केलं. तुमचं काम सोपं आहे. तुम्हाला लिहिता येतं. विडी वळणाऱ्या बाईच्या घरी वही नाही. किती पान दिलं, किती विड्या नेल्या, किती छाटल्या, किती पैसे हातात आले, याची रोजची नोंद तिच्याकडे नाही, मालकाकडे आहे, आणि मालक आपलीच वही कोर्टात दाखवतो. या रविवारी इथल्या प्रत्येकानं पूर्व भागातली, कुंभारीतली किंवा विडी घरकुलातली एक गल्ली वाटून घ्या. शंभर पानी वही घ्या, तारखेसह छाट लिहायला लागा, बाईची सही किंवा अंगठा घ्या, आणि महिन्याच्या शेवटी त्या वह्या युनियनच्या ऑफिसात नेऊन द्या. तिथे गेलात की वर्गणीची पावतीही फाडून घ्या, स्वतःच्या नावाची.